ओव्हाळ मॅडम आणि न जुळणारं उत्तर

उत्तर बरोबर आलं की ओव्हाळ मॅडमचा चेहरा उतरायचा.

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला त्या खुर्चीवर बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. टेबलांच्या मधून फिरायच्या, कुणाच्या तरी खांद्यावरून वहीत डोकावायच्या. आकडा पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलेला दिसला, की डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतो तशी ती वही खिडकीपाशी न्यायच्या.

"लई छान आलंय," त्या म्हणायच्या. "म्हणूनच मला भ्या वाटायलंय."

उंचीनं बेताच्या, साडीवर पांढरे पळायचे बूट, खांद्याला रेक्झिनची सॅक. आवाज मात्र या बांधावरून त्या बांधावर हाक मारण्यासाठी घडवलेला. भूमजवळच्या खेड्यातून आल्या होत्या. शनिवारी दुपारी एसटीनं आईकडं जायच्या, सोमवारी सकाळच्या गाडीनं थेट वर्गात हजर व्हायच्या. शिकवताना त्यांची मराठी इस्त्री केलेली असे. पण वाद सुरू झाला की इस्त्री मोडायची आणि भूम बाहेर यायचं. म्हणून आम्ही मुद्दाम वाद घालायचो. म्हणजे बाकीचे घालायचे, मी ऐकायचे. मी नर्सरीपासून इंग्रजी शाळेत शिकले. फिजिक्स माझ्या डोक्यात इंग्रजीत चालायचं, आणि तोंडानं बोलायची वेळ आली की कुठल्याच भाषेत चालायचं नाही. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं.

त्यांची पहिली ओळख वर्गाला झाली ती लंबकाच्या प्रयोगात. प्रयोग शाळकरी. दोऱ्याला गोळा टांगायचा, दोऱ्याची लांबी मोजायची, झोक्यांचा वेळ मोजायचा आणि गुरुत्वाकर्षणाचं त्वरण काढायचं. ते नऊशे ऐंशीच्या आसपास येतं हे दहावीच्या पोरालाही ठाऊक. एम.एस्सी.ला हे कशाला, म्हणून सगळे हसत बसले आणि तासाभरात वह्या देऊन मोकळे झाले. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर नऊशे ऐंशीला चिकटून.

मॅडमनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकवलेली एक लाकडी पट्टी उचलली.

"ही पट्टी मी सुताराकडून करून घेतलीय," त्या म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांच्या टेबलावर अशीच हाय. हिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा मोठा हाय. हिनं दोरा मोजला तर उत्तर नऊशे चाळीसच्या आसपास यायला पायजे. मग नऊशे ऐंशी आलं कुठनं?"

आमच्यात बालाजी म्हणून परंड्याचा एक धीट मुलगा होता. तो उठला.

"मॅडम, पुस्तकात नऊशे ऐंशीच हाय की."

"मग दोऱ्याला पुस्तकच टांगायचं होतंस."

सगळ्यात मोठ्यानं बालाजीच हसला. हे मॅडमचं वैशिष्ट्य होतं. त्यांनी ज्याची टर उडवली तोच आधी हसायचा, कारण त्यात विष नसायचं. माझ्या वहीत नऊशे त्रेचाळीस होतं आणि पुढं प्रश्नचिन्ह. ते लिहिण्यात शौर्य वगैरे नव्हतं. उठून विचारायची लाज वाटली, म्हणून चिन्ह काढून ठेवलं होतं. मॅडमनी ते वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या प्रश्नचिन्हाला मार्क हैत."

ही खोड कॉलेजपुरती नव्हती. एकदा आठवडी बाजारात मी आईबरोबर होते, तेव्हा मॅडम एका कोबीवाल्यापुढं उकिडव्या बसलेल्या दिसल्या. त्याच्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यांनी कोबी काट्यावर ठेवला, आकडा पाहिला, उचलला, परत ठेवला. मग काट्याच्या कोपऱ्यात ठेवला. मग दुसऱ्या कोपऱ्यात.

"ओ ताई, एकदा तोललेलं परत बदलतंय व्हय?" कोबीवाला वैतागला.

"तेच तर बघायलेय. कोपऱ्यात ठेवला की हलका भरतोय बघा तुमचा कोबी."

त्यानं स्वतः ठेवून पाहिला. खरंच हलका भरत होता. म्हणजे नुकसान त्याचंच होत होतं, काटा एका बाजूनं कलला होता. त्यानं खाली विटेचा तुकडा सरकवला आणि मॅडमना कोथिंबिरीची जुडी देऊ केली. त्यांनी घेतली नाही. "आता सगळ्या कोपऱ्यांत परत बघा," एवढं सांगून त्या उठल्या. आई घरी जाताना म्हणाली, "हीच का गं तुझी मॅडम? नवऱ्याचं काय होत असेल!" नवरा नव्हता. तो का नव्हता हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सांगितली ती शाळेची गोष्ट. कॉलेजमागच्या टपरीवर चहा पिताना, बालाजी काहीतरी मार्कांवरून कुरकुरत होता तेव्हा.

"आमच्या गावच्या शाळेत गणितात मला पैकीच्या पैकी पडले," मॅडम म्हणाल्या. "आमच्या वस्तीतल्या पोरीला एवढे मार्क पडले म्हणल्यावर मास्तरला पटंना. त्यानं मला फळ्यापाशी बोलावलं आन् सगळ्या वर्गासमोर पेपर परत सोडवायला लावला. सोडवला."

"मग? राग नाय आला, मॅडम?" बालाजीनं विचारलं.

"परत तपासलं ह्याचा राग न्हाय. तपासायलाच पायजे. पाटलाच्या पोरालाबी पैकीच्या पैकी होते. त्याला न्हाय बोलावलं, त्याचा राग." त्यांनी ग्लास फळीवर ठेवला. "आपल्याला जे उत्तर पायजे असतं ते आलं की माणूस चूक शोधायचं थांबवतो. नको असलेलं आलं की मग शोधतो. शोधल्यावर सापडतीच. चुका सगळ्यांच्याच असत्यात."

मला वाटलं त्या गावाबद्दल बोलत आहेत. त्या फिजिक्सबद्दलही बोलत होत्या, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

मॅडमचं पीएच.डी.चं काम न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या धडकेवर होतं. हे काम त्या ज्या पद्धतीनं समजावायच्या, त्याहून सोपं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. चुंबकानं तो वळत नाही, यंत्रातून गेला तरी खूण सोडत नाही. त्यानं हायड्रोजनमधल्या एखाद्या प्रोटॉनला धडक दिली आणि तो प्रोटॉन उडाला, तर उडालेला प्रोटॉन पकडायचा आणि त्यावरून न्यूट्रॉनचा अंदाज बांधायचा.

"चोर दिसत न्हाय," मॅडम म्हणायच्या. "कुत्रं भुंकलेलं ऐकायचं आन् चोर किती होते ते सांगायचं. तेबी दोन टक्क्याच्या आत."

हा अंदाज नुसता हौसेचा नाही. न्यूट्रॉनची बाकीची कितीतरी मोजमापं याच धडकेशी ताडून बघतात. बाजारातली वजनं ज्या वजनाशी ताडतात, ते हे वजन. तेच दोन-तीन टक्के इकडंतिकडं असेल, तर त्यावर रचलेलं सगळंच तेवढं सरकतं. म्हणून जगभरच्या लोकांनी ते पुन्हा पुन्हा मोजलंय, आणि गंमत म्हणजे सगळ्यांची उत्तरं जुळत नाहीत. मग काही अभ्यासक सगळे आकडे एकत्र करतात, कुठले विश्वासाचे ते ठरवतात आणि उरलेले बाजूला काढतात.

मॅडमचे आकडे बाजूला काढले होते. त्यांनी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपून केलेलं मोजमाप. संकलन करणाऱ्यांनी त्यापुढं एकच ओळ लिहिली होती, की बाकीच्यांशी जुळत नाही. पद्धतीत काय चुकलं, यंत्र कुठं कमी पडलं, काहीही नाही. ही ओळ मॅडम अधूनमधून म्हणून दाखवायच्या, शाळेतली कविता म्हणावी तशी. रडगाणं म्हणून नाही. पण त्यांना एक गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी लपवली नाही. कुणीतरी उत्तर न बघता, नुसती पद्धत वाचून आपल्या कामाचा निकाल द्यावा.

तो निकाल द्यायची वेळ माझ्यावर आली. ते मला माहीत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मॅडमनी मला घेतलं. काम असं होतं: या धडकेच्या मोजमापांवरचे जुने-नवे पेपर वाचायचे आणि प्रत्येकाला अ, ब किंवा क वर्ग द्यायचा. अ म्हणजे आकडे जसेच्या तसे वापरावेत. ब म्हणजे सांगितलेली चूक थोडी वाढवून वापरावेत. क म्हणजे या मोजमापाच्या उंचीवर, म्हणजे एकूण आकड्यावर, भरवसा ठेवू नये. नियम आधी लिहून काढायचे, त्यावर दोघींनी सही करायची आणि मगच पहिला पेपर उघडायचा. आणि पेपर उघडायचे ते झाकलेले. नावं, प्रयोगशाळा, आलेख, तक्त्यातली उत्तरं, सगळ्यावर कागद चिकटवलेला. वाचायची फक्त पद्धत.

झाकायचं काम डिपार्टमेंटच्या कदम मामांकडं होतं. मॅडमनी पेन्सिलीनं चौकोन आखून दिले होते आणि मामा डिंकाची बाटली घेऊन बसले होते.

"मॅडम, ह्याच्यात काय शिव्या लिहिल्यात व्हय, झाकायला?"

"त्याच्यापेक्षा वाईट, मामा. उत्तरं लिहिलीत."

मामांनी पेपर पत्त्यांसारखे पिसले आणि प्रत्येकावर क्रमांक टाकला. मी महिनाभर ते वाचले. प्रत्येक पेपरात मी एक जागा आधी शोधायचे. नुसता हायड्रोजन हाताळायला अवघड, म्हणून बहुतेक लोक प्लास्टिकची पातळ चकती वापरतात. तीत हायड्रोजनबरोबर कार्बनही असतो आणि त्यातूनही प्रोटॉन उडतात. मग नुसत्या कार्बनची चकती ठेवून पुन्हा तेवढेच न्यूट्रॉन सोडायचे आणि जे येईल ते वजा करायचं. तूप डब्यासकट तोललं तर डबा वजा करावा लागतो, तसं. यातला 'तेवढेच' हा शब्द सगळ्यात नाजूक. न्यूट्रॉन तेवढेच सोडले हे शेजारचं एक यंत्र सांगतं, त्याला मॉनिटर म्हणतात. तो मॉनिटर मधल्या काळात सुस्तावला असेल तर डबा चुकीचा वजा होतो. म्हणून आमच्या नियमांत लिहिलं होतं, की प्लास्टिक आणि कार्बन यांच्या मोजणीत अंतर असेल, तर मधल्या काळात मॉनिटर तपासल्याचा उल्लेख हवा. नसेल तर क.

हा नियम मॅडमनी स्वतःच सुचवला होता.

निकालाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. डिपार्टमेंटच्या खोलीत पंखा होता, पण मॅडमनी तो बंद केला, कागद उडतात म्हणून. मी प्रत्येक पेपरवर माझी चिठ्ठी लावली होती. मॅडम ब्लेडनं हलक्या हातानं चिकटवलेला कागद सोडवायच्या, नावं वाचायच्या आणि मी चिठ्ठी वाचायची. मोठमोठ्या प्रयोगशाळांपैकी काही अ मध्ये आल्या, काही ब मध्ये. एक फार गाजलेलं मोजमाप क मध्ये गेलं तेव्हा मॅडमनी मांडीवर थाप मारली. "बघ! ह्याला कुणी विचारलंच न्हाय कधी. जुळत होतं ना!"

मग त्यांनी पुढचा पेपर घेतला. ब्लेड लावायच्या आधीच त्यांचा हात जरा थांबला. झाकलेला असला तरी स्वतःचा पेपर माणूस ओळखतोच. कागद निघाला. नावांत दुसरं नाव ओव्हाळ.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठी वाचली. माझा आवाज असाही बारीकच असतो. "चकतीची जाडी दोन पद्धतींनी मोजली आहे, उत्तम. डिटेक्टरची तपासणी उत्तम. कार्बनची मोजणी सगळं काम संपल्यावर, बऱ्याच काळानं. मधल्या काळात मॉनिटर तपासल्याचा उल्लेख नाही. वर्ग क."

मॅडमनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली.

"मॉनिटर स्थिर होता," त्या म्हणाल्या. "मी बघितला होता. मशीन मधे बंद पडलं होतं, म्हणून कार्बन लांबला. चालू झाल्यावर पहिल्यांदा मी मॉनिटरच बघितला. काटा जिथं होता तिथंच होता. ह्या हातानं बघितलाय मी."

मी त्यांना दोन वर्षं ओळखत होते. त्या म्हणतात म्हणजे पाहिला असणारच, याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. मी पेन उघडलं. "मग मी बदलते, मॅडम. अ होईल."

"कशावर बदलतेस?"

"तुम्ही सांगताय त्यावर."

"आन् हे बाकीचे?" त्यांनी क मधल्या गठ्ठ्यावर हात आपटला. "ह्यांना फोन करून विचारलंस का, बाबांनो, तुम्ही मॉनिटर बघितला होता का म्हणून? ह्यांनीबी बघितला असंल. ते सगळे खोटारडे आन् मी एकटी खरी व्हय?"

"पण तुम्ही खरंच..."

"मी खरंच बघितला. लिहिला न्हाय." हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "काटा हलला असता तर लिहिलं असतं. हलला न्हाय, म्हणून लिहिलं न्हाय. बिघडलेलं तेवढं लिहितो आपण. नीट असलेलं कोण लिहितंय!"

त्यांनी सॅक उचलली आणि निघून गेल्या. उरलेले पेपर तसेच पडले होते. मी पंखा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. त्यांच्याकडं त्यांचा पेपर होता आणि एका आलेखाभोवती लाल वर्तुळ.

"नियमाप्रमाणं बोलते, आठवणीवर न्हाय," त्या म्हणाल्या. "हा आलेख बघ. छापलेला हाय, म्हणजे पुरावा हाय. प्लास्टिकच्या मोजणीचं हे शेपूट आन् कार्बनच्या मोजणीचं हे शेपूट. दोन्ही एकाच जागी संपत्यात. मधल्या काळात काही हललं असतं तर ही सरकली असती. मग मॉनिटर स्थिर होता हे पेपरातच हाय, झाकलेलं होतं म्हणून तुला दिसलं न्हाय. ब तरी दे."

मी आलेख घेतला. बराच वेळ घेतला. त्या समोर बसून बुटाचं टोक जमिनीवर आपटत होत्या. त्यांना तो ब किती हवा आहे हे त्या आपटण्यात ऐकू येत होतं. मलाही द्यायचा होता. पण ते शेपूट डिटेक्टरचं, म्हणजे उडालेले प्रोटॉन पकडणाऱ्या यंत्राचं होतं. ते जागच्या जागी संपतं याचा अर्थ डिटेक्टर हलला नाही. न्यूट्रॉन किती आले ते सांगणारा मॉनिटर वेगळा, त्याच्याबद्दल हा आलेख काहीच बोलत नव्हता. हे मला कळत होतं, आणि ते मॅडमना सांगायचं कसं हे कळत नव्हतं.

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

"काय न्हाय?"

"हा डिटेक्टरचा पुरावा आहे. मॉनिटरचा नाही. दोन्ही वेगळे आहेत. मॉनिटर निम्मेच न्यूट्रॉन मोजायला लागला असता, तरी शेपूट इथंच संपलं असतं. फक्त उंच झालं असतं. आणि उंच झालंय का हे कळत नाही, कारण उंची मॉनिटरवरूनच लावलीय."

बुटाचा आवाज थांबला. मॅडमनी आलेख परत ओढून घेतला, जवळ धरला, लांब धरला. मग चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. मी मनातल्या मनात माफीची दोन वाक्यं तयार करत होते, एक मराठीत, एक इंग्रजीत.

"तिच्यायला," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."

आणि मग हसल्या. आधी नुसत्या खांद्यानं, मग आवाजानं, इतक्या की कदम मामा दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं, मॅडम?"

"मामा, मला बाहेर काढलं हिनं."

"आँ? मग हसायलात कशाला?"

"आजवर लई जणांनी काढलं, मामा. पण कारण सांगून पहिल्यांदा काढलं." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या. "आन् बोलता येतंय की कॉन्व्हेंटला!"

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तक्ता पाहिला आणि भुवया उंचावल्या. "यात क वर्गातला हा पेपर तुमच्याच गाईडचा दिसतोय. हे त्यांना चाललं?" मी उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला, "सर, मला विचारू नका, मी पार्टी हाय. तिला विचारा." त्यांनी मला विचारलं. मी कार्बन सांगितला, मॉनिटर सांगितला, नियम दाखवला. कुठंही अडखळले नाही. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या पानावर गेले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांच्या ओठांचे कोपरे मला दिसत होते.

माझ्या मते गोष्ट इथं संपायला हवी होती. मॅडमच्या मते ती इथं सुरू झाली. ज्या विद्यापीठात त्यांनी पूर्वी काम केलं होतं, तिथलं न्यूट्रॉनचं यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालं होतं. बाहेरच्या लोकांनाही अर्ज करून त्यावर वेळ मागता येत होता. मॅडमनी अर्ज केला. अशा अर्जात माणसं स्वतःच्या कामाची थोरवी गातात. मॅडमनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की माझ्या पूर्वीच्या मोजमापात अमुक उणीव आहे आणि ती भरून काढायला मला वेळ हवा आहे.

विभागप्रमुख सरांनी त्यांना चहाच्या वेळी विचारलं, "मॅडम, आता रिटायरमेंट जवळ आली. प्रमोशनलाही याचा उपयोग नाही. कशाला हा व्याप?"

"सर, उत्तर जुळंल का न जुळंल, ते मला माहीत न्हाय," मॅडम म्हणाल्या. "माझं तेव्हाचं चुकलेलं असंल तर तसं छापते. पण बरोबर असंल, तर ह्या बारीला कुणाला बाहेर काढायला जागा ठेवणार न्हाय."

अर्ज मंजूर झाला.

त्यांना मी शेवटची पाहिली ती धाराशिवच्या रेल्वे स्टेशनवर, त्या प्रयोगासाठी निघाल्या तेव्हा. मलाही त्याच आठवड्यात पुढच्या शिक्षणासाठी गाव सोडायचं होतं. सकाळची वेळ होती, फलाटावर गर्दी नव्हती. बालाजी आला होता. त्यानं मोठ्या तोऱ्यात मॅडमची बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"मॅडम, काय दगडं भरल्यात काय?"

"कार्बन हाय. हळू ठेव. माझ्या मापानं कापून घेतलाय. तिथला वापरणार न्हाय मी." त्या माझ्याकडं वळल्या. "आन् ह्या बारीला प्लास्टिक, कार्बन, प्लास्टिक, कार्बन. आलटून पालटून. मशीन बंद पडू दे न्हायतर चालू ऱ्हाऊ दे."

गाडी आली. बालाजीनं दोन्ही हातांनी बॅग आत नेऊन सीटखाली सरकवली. मॅडम खिडकीशी बसल्या. मला त्यांना बरंच सांगायचं होतं. मी ते आदल्या दिवशी मनात जुळवून आले होते. "जेवण वेळेवर करा," एवढंच म्हटलं. त्या मान डोलवत वाकल्या, बॅगची चेन उघडून आत हात घालून चाचपडल्या, पुन्हा बंद केली आणि खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला.

"पेन दे गं."

मी पेन दिलं. त्यांनी मांडीवर कोरी वही उघडली. गाडीला धक्का बसला आणि ती हलली. मी खिडकीबरोबर चालू लागले.

"आत्ताच काय लिहायलात, मॅडम? अजून काहीच झालं नाही."

"तेच लिहायलेय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कार्बन गाडीत ठेवला. तडा न्हाय. सगळं नीट हाय."